बी फ्लॅटची वीस मिनिटं

…आणि वर मलाच विचारतात, "ते सगळं ठीक आहे हो, मिस कुबेना, पण हे भोंगे वाजवून झाले की मुलं गाणं कधी सुरू करणार?" भोंगे! तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षं मी या शाळेत बँड शिकवतेय. सव्वीस वर्षांत ट्रॉम्बोनची नळी माझ्या डोक्यात बसलीय, सॅक्सोफोनमध्ये कोंबलेला अर्धा सॉसेज मी चिमट्यानं ओढून काढलाय, एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लॅरिनेटची अख्खी रांग कांजिण्यांनी झोपली होती, तेही निभावलं. पण माझ्या खोलीत उभं राहून भोंगे हा शब्द आजवर कुणी काढला नव्हता. आणि काढला कुणी? मुख्याध्यापकांनी! डेल प्रुइट. परवापरवापर्यंत फुटबॉलच्या पोरांना एकमेकांच्या छातीवर आदळायला शिकवत होता हा माणूस, गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नाही, खुर्चीत बसताना सुद्धा ती टेबलावर आपटते, टक्क. तो मला सांगणार बँड कशाला म्हणतात!

आता भोंगे म्हणजे काय, ते ऐका आणि तुम्हीच ठरवा. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी अडतीस मुलं माझ्या खोलीत येतात. येतात म्हणजे काय, येऊन पडतात. निम्मी झोपेत, निम्म्यांच्या तोंडात नाश्त्याचा टाको, एकीचा प्रेमभंग झालेला, तो दुसऱ्या तासाला परत जुळतो पण पहिल्या तासाला बासरी मात्र रडकी. बाहेर जानेवारीचा वारा. वाद्यं रात्रभर कपाटात गारठलेली. आणि गार पितळ खालच्या सुरात बोलतं, हे काही मी ठरवलेलं नाही, देवानं ठरवलंय, त्याची तक्रार रविवारी चर्चमध्ये करा. तर आधी वाद्याला हात लावायचा नाही. सरळ बसायचं. चार मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर. मग सहा. मग आठ. मग पितळेवाल्यांनी नुसता माउथपीस घ्यायचा, ओठ टेकवायची ती छोटी वाटी असते ना, ती, आणि त्यात ओठ फुरफुरवायचे. मग माझा डावा हात वर जातो आणि अडतीस जणांनी मिळून एकच सूर धरायचा. बी फ्लॅट. आठ मात्रा. मग अर्धा सूर खाली जाऊन परत वर. मग पूर्ण सूर खाली, परत वर. दर वेळी घरापासून एक पाऊल जास्त लांब जायचं आणि न चुकता घरी परत यायचं. झालं. याला वीस मिनिटं लागतात. मी काय मागितलं होतं? वीस मिनिटं!

लोकांना वाटतं, त्यात काय, एक तर सूर! अहो, एक सूर म्हणूनच तर! दहा सुरांत चूक लपते. एका सुरात कुठे लपणार? शेजारचा खाली वाजवतोय की मी वर वाजवतोय, हे ऐकायला शिकण्यात पोरांची तीन-तीन वर्षं जातात. काहींची तर लग्नं होतात तरी कळत नाही. श्वास तिथे तयार होतो, कान तिथे तयार होतो, बाकी गाणी-बिणी म्हणजे नुसती सजावट. पण हे सांगायचं कुणाला? पालक खिडकीतून डोकावतात, "अजून तेच चाललंय?" हो बाई, अजून तेच. पुढच्या वर्षीही तेच. मी मेले की माझ्या जागी येईल तीही तेच करेल, नाही केलं तर मी येऊन तिच्या मानगुटीवर बसेन.

आणि ट्रम्पेटवाले! त्यांचं वेगळं सांगायलाच हवं. हा कॉल्टन यानाक, चौदा वर्षांचा घोडा, सकाळी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर, दप्तर खांद्यावरच, पहिला सूर कोणता काढेल? सगळ्यात वरचा! गार ओठ, गार पितळ, आणि हा जिराफासारखी मान ताणून पीईईईई… "मिस, लागला! मिस, ऐकलंत?" ऐकलं, बाळा. पलीकडच्या शेतातल्या गाईंनीही ऐकलं. मी त्याला शंभरदा सांगितलं असेल की अरे, ओठ म्हणजे मांस आहे, एक दिवस फाटेल आणि मग बसशील ढोल बडवत. हे वीस मिनिटांचं काम काही शिक्षा म्हणून नाहीय, या असल्या घोड्यांचे ओठ वाचवायला आहे.

मी ओरडत नाही, हेही सांगते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझा आवाज बसला तो बसलाच. तेव्हापासून माझी खूण ठरलेली. डावा हात वर, तळहात उघडा, म्हणजे श्वास घ्या आणि सूर धरा. मूठ मिटली, म्हणजे थांबा. मधल्या काळात काहीही होवो, आभाळ कोसळो, मूठ मिटेपर्यंत सूर सोडायचा नाही. एकदा आगीची तालीम झाली, घंटा झाली, मी डावा हात तसाच वर धरून उजव्या हातात हजेरीची वही घेऊन बाहेर पडले, मूठ मिटायची राहिली, आणि माझी पोरं एका ओळीत गाड्यांच्या तळापर्यंत बी फ्लॅट वाजवत आली! अग्निशमनवाल्यांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

तर अशा खोलीत प्रुइटसाहेब आले. सप्टेंबरात. मागच्या भिंतीला टेकून उभे, हातात ते सेकंद मोजायचं घड्याळ. मी म्हटलं असेल काही शाळेचं काम. तास संपल्यावर पुढे आले आणि म्हणाले, "बावीस मिनिटं चाळीस सेकंद. एकही गाणं नाही." मी म्हटलं, सर, ही तयारी असते. म्हणाले, कसली तयारी? मी म्हटलं, सर, तुमची फुटबॉलची पोरं मॅचच्या आधी अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारतात, पाय ताणतात, जमिनीवर उताणी पडून सायकल चालवतात, मी कधी कुंपणाशी येऊन विचारलं का, की खेळ कधी सुरू करणार? तर म्हणाले, "तो वॉर्म-अप आहे. स्नायू आखडतात, मिस कुबेना. दुखापत होते." बघा! मांडीला स्नायू असतात. ओठाला काय, रबर असतं? छाती काय कापसाची? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण मी गप्प बसले. आईनं शिकवलंय, रागात बोलायचं नाही. आईनं चुकीचं शिकवलं.

कारण डिसेंबरात काय झालं, ऐका. राज्याच्या परीक्षेत शाळेचे गणिताचे गुण घसरले. आता गणितात गुण घसरले तर गणिताच्या मास्तराला धरा ना! पण नाही. फर्मान निघालं, पहिल्या तासाला जो काही वर्ग असेल, त्या वर्गानं पहिली वीस मिनिटं गणिताचे सराव-कागद सोडवायचे. पहिल्या तासाला कोण? मी! पन्नास मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं, नेमकी तीच वीस, पहिली! मी म्हटलं, सर, शेवटची घ्या. तर म्हणाले, सकाळी डोकं ताजं असतं. डोकं ताजं असतं, हे यांना कुणी सांगितलं? यांनी माझी पोरं सकाळी पाहिलीच नाहीत का? आणि मग सहज, दाराशी जाता जाता, शिट्टी बोटाला गुंडाळत म्हणाले, "आणि हो, एप्रिलच्या स्पर्धेत पहिली श्रेणी नाही आली, तर शाळेच्या मंडळाचं म्हणणं आहे की बँड शाळा सुटल्यावर घ्यावा. तीन चाळीसनंतर. मग काय, हवे तेवढे भोंगे वाजवा."

हे त्यांना औदार्य वाटलं! तीन चाळीसनंतर! अहो, तीन चाळीसला बस सुटते! माझी अडतीसपैकी तेवीस मुलं बसनं जातात, लांबलांबच्या शेतांवर, खडीच्या रस्त्यांनी. बस चुकली तर आणायला कोण येणार? आईबाप गुरांच्या मागे, नाहीतर कोंबड्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. म्हणजे बँड तीन चाळीसनंतर म्हणजे तेवीस मुलांचा बँड बंद. आणि त्यात सगळ्यात आधी कोण जाणार? मरिसोल. मरिसोल त्रेहो, माझी ट्युबा, पितळेतलं सगळ्यात मोठं, सगळ्यात खालच्या सुराचं वाद्य. एवढीशी पोर, ट्युबाच्या मागे बसली की नुसते बूट दिसतात. शेवटच्या थांब्यावर उतरते, पाऊण तासाचा रस्ता. ट्युबा बसमध्ये न्यायला बंदी, कारण ती माणसाएवढी जागा खाते आणि तिला पट्टा बांधता येत नाही, असं नियमात लिहिलंय. म्हणजे घरी सराव नाही, संध्याकाळी नाही, शनिवारी नाही. त्या पोरीला ती ट्युबा दिवसातून एकदाच भेटते, माझ्या खोलीत, सकाळी. बाकीच्या पोरांना बँड आवडतो. हिला दुसरं काहीच नाहीय. आणि तिची वीस मिनिटं यांनी कागदाला बांधली.

जानेवारीपासून सुरू झालं ते. पोरं येतात, कागद घेतात, पेन्सिली चावतात. आठ पंचवीस झाले की थंड ओठ, थंड पितळ, धाडकन थेट कवायतीची धून! तुम्हाला सांगते, ते ऐकून माझ्या दाढा दुखायच्या. क्लॅरिनेटच्या तोंडाच्या वेताच्या पत्त्या कोरड्या, च्यां च्यां च्यां. ट्रॉम्बोन एका गावात, हॉर्न दुसऱ्या गावात. आणि तिसऱ्या आठवड्यात कॉल्टनचा ओठ फाटला. फाटला म्हणजे रक्त आलं! एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारा मुलगा रुमाल धरून गप्प बसला होता, आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की मी गणिताचे कागद उचलून खिडकीतून फेकणार होते. फेकले नाहीत. पाऊस होता, खिडकी फुगली होती, उघडली नाही.

पण मीही कुबेना आहे. आमच्या घरात चार पिढ्या पितळ फुंकलंय, लग्नात, मयताला, डुकराच्या मेजवानीला, वाट्टेल तिथे. मी पोरांना सांगितलं, फर्मानात काय लिहिलंय? कागद सोडवा. श्वास घेऊ नका असं लिहिलंय? नाही ना? मग सोडवा. आणि सोडवता सोडवता चार मोजत आत, चार मोजत बाहेर. सरळ बसून. मग सहा. मग आठ. बोटं टेबलाखाली, सुरांच्या कळा दाबत. तोंड बंद, आवाज नाही, बी फ्लॅट डोक्यात वाजवायचा. एकदा प्रुइटसाहेब तपासणीला आले. बघतात तर काय, अडतीस पोरं ताठ बसलेली, टाचणी पडली तर ऐकू येईल, आणि सगळ्यांच्या छात्या एकदम वर, एकदम खाली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद! मला बाहेर बोलावून हळूच म्हणतात, "बघितलंत? गणितानं केवढी एकाग्रता येते!" मी आत येऊन फळ्याकडे तोंड करून हसले की रडले, मलाच आठवत नाही.

मरिसोलनं तर कहर केला. ट्युबाला बसमध्ये बंदी आहे, माउथपीसला कुठे आहे? ती वाटी खिशात मावते. ही पोर रोज पाऊण तास जाताना, पाऊण तास येताना, शेवटच्या बाकावर बसून फुर्रर्रर्र… फुर्रर्रर्र… बसचा ड्रायव्हर ऑर्व्हिल, सत्तरीचा म्हातारा, माझ्याकडे तक्रार घेऊन आला. म्हणाला, "मिस कुबेना, पहिले दोन दिवस मी गाडी थांबवून घोडमाशी शोधत होतो." मी म्हटलं, मी सांगते तिला. तर म्हणाला, नको, सांगू नका. आता त्याला सवय झाली होती, आणि शुक्रवारी ती आजारी होती तर त्याला वाटलं इंजिन बिघडलंय. असा माणूस मुख्याध्यापक का होत नाही, मला सांगा?

तर अकरा आठवडे. अकरा आठवडे माझ्या पोरांनी मिळून तो एक सूर वाजवलाच नाही. नुसता आत ठेवला. मी काय मागितलं होतं हो? वीस मिनिटं!

आता स्पर्धेचा दिवस. मोठं सभागृह, दिव्यांनी डोळे फुटतात, समोर तीन परीक्षक आपापल्या छोट्या दिव्याखाली मान घालून. त्यांच्यापुढे आपण आधीच लिहून दिलेलं असतं, कोणत्या तीन धुना वाजवणार, कोणत्या क्रमानं. आणि प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत कोण? आमचे प्रुइटसाहेब, शाळेच्या रंगाचा सदरा घालून, सोबत बारा पालक, शिट्टी आहेच. निवेदकानं शाळेचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, पहिली कवायतीची धून, वगैरे. मी पोरांकडे तोंड करून उभी. बँड चालवायची काठी अजून स्टँडवर. सभागृह गप्प. पोरांचे चेहरे पांढरे. मरिसोलचे बूट हलत होते. मी म्हणणार, श्वास घ्या बाळांनो, आणि तेवढ्यात मागून, तिसऱ्या रांगेतून, फुटबॉलच्या मैदानावर देतात तशी आरोळी, "हाणा रानडुकरांनो, हाणाऽऽऽ!"

रानडुकरं म्हणजे आमचा शाळेचा संघ. पण इथे! परीक्षकांसमोर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मागे वळून काही बोलायची सोय नाही. तर मी न वळता, पोरांकडेच बघत, मागच्या माणसाला गप्प करायला म्हणून हात वर केला. बाबा, थांब. बस्स.

कोणता हात? डावा! कसा? तळहात उघडा!

आणि माझ्यासमोर अडतीस छात्या एकदम वर गेल्या. मला कळलं. मला त्या क्षणी कळलं काय होणार ते, आणि काही करायच्या आत झालंसुद्धा. बी फ्लॅट.

तुम्हाला सांगते, मूठ मिटायची होती मला. खरंच. एक सेकंदाचं काम. मूठ मिटली असती, पोरं थांबली असती, परीक्षकांना वाटलं असतं सूर जुळवतायत, माफ केलं असतं. पण खालून ट्युबा आली. मरिसोलची. इतकी रुंद, इतकी शांत, की माझ्या पायाखालची फळी थरथरली, आणि त्या सुरावर बाकीची सदतीस पोरं एकेक करून जाऊन बसली, क्लॅरिनेट, हॉर्न, तो फाटक्या ओठाचा कॉल्टनसुद्धा, खालच्या सुरात, कधी नव्हे ते शहाण्यासारखा, आणि कुठून कोण वाजवतंय तेच कळेना, एकच आवाज. अकरा आठवडे दाबून ठेवलेला. मी सव्वीस वर्षांत असा बी फ्लॅट ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि माझी मूठ मिटेना. मी मिटलीच नाही. मुद्दाम नाही मिटली. म्हटलं, जाऊ दे ती श्रेणी, जाऊ दे ते मंडळ, माझ्या पोरांचा आहे हा सूर, यांना निदान एकदा तरी पुरता वाजवू दे. अर्धा सूर खाली, परत घरी. पूर्ण सूर खाली, परत घरी. सगळ्या पायऱ्या उतरून आम्ही परत आलो, मग मी मूठ मिटली. सभागृहात कुणी खोकलं नाही.

मग काठी उचलली आणि तिन्ही धुना वाजवल्या. बऱ्या झाल्या. तिसऱ्या धुनेत बासरीवाली एक ओळ आधी पोचली आणि तिथे आमची वाट बघत बसली, पण बऱ्या झाल्या.

निकाल लागला. दोन परीक्षकांकडून पहिली श्रेणी, तिसऱ्याकडून दुसरी. म्हणजे एकूण पहिली श्रेणी! पोरांनी एकमेकांना चिरडलं. मी परीक्षकांचे शेरे वाचायला घेतले. पहिल्यानं लिहिलं होतं, आज दिवसभरात ऐकलेला सर्वांत सुंदर आवाज, सुरुवातीच्या रचनेतला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, सुरुवातीच्या रचनेचं नाव यादीत नाही, कृपया संगीतकाराचं नाव कळवावं. तिसऱ्यानं, ज्यानं दुसरी दिली त्यानं, लिहिलं होतं की बँडला पहिल्या रचनेची जी मनापासून जाण आहे, ती पुढच्या तीन रचनांत दिसली नाही. म्हणजे जे आम्ही चार महिने बसवलं, ते जरा कमी पडलं, आणि जे आम्हाला वाजवू दिलं नाही, त्याला श्रेणी मिळाली!

आणि परतीच्या बसमध्ये प्रुइटसाहेब माझ्या शेजारी येऊन बसले. डोळे लाल. म्हणाले, "मिस कुबेना, ते पहिलं गाणं. मी मोठा माणूस आहे, पण मला रडू आलं. हे गाणं तुम्ही आजवर आम्हाला का ऐकवलं नाही?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? माझ्या तोंडात ते सगळे शब्द तयार होते. सप्टेंबरपासून तयार होते! भोंगे, साहेब, हेच ते भोंगे, बावीस मिनिटं चाळीस सेकंद! मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मागच्या बाकावरून मरिसोल पुढे वाकली. वर्षभरात कुणाशी चार वाक्यं न बोललेली पोर. म्हणाली, "सर, ते पूर्ण नव्हतं. पूर्ण गाणं वीस मिनिटांचं आहे. फार अवघड आहे, रोज वाजवलं तरच टिकतं. आणि सकाळी वाजवावं लागतं, सर. तीन चाळीसनंतर सूर नाही लागत."

साहेब विचारात पडले. शिट्टी फिरवली. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी वेळापत्रकात टाकतो. पहिला तास, पहिली वीस मिनिटं, ते गाणं. गणिताचं बघू दुसरीकडे कुठेतरी. पण एक अट आहे, मिस कुबेना, ती वीस मिनिटं त्या वॉर्म-अपमध्ये घालवायची नाहीत." मी मरिसोलकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, नाही घालवणार, सर.

मे महिन्यात पदवीदान झालं, फुटबॉलच्या मैदानावर, सगळं गाव खुर्च्या घेऊन आलेलं. साहेबांच्या आग्रहानं आम्ही "ते गाणं" वाजवलं. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले, टोपी काढून छातीशी धरली. मग त्यांची बायको उभी राहिली. मग रांगच्या रांग. मग सगळं मैदान, छातीवर हात ठेवून, बी फ्लॅटसाठी! नंतर एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, आमच्या वेळीसुद्धा शाळेचं हेच गीत होतं, हल्ली फार छान वाजवतात. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या वेळीसुद्धा हेच होतं. मीच शिकवलं होतं, बाईंना आठवत नव्हतं.

असो. ऑगस्टात शाळा उघडली. बँड पहिल्या तासालाच आहे, तेवीसच्या तेवीस पोरं बसनं येतात, बसनं जातात, आणि माझी वीस मिनिटं माझ्याकडे आहेत, वेळापत्रकात छापून, गाणं म्हणून. पहिल्याच सोमवारी डावा हात वर करणार, तेवढ्यात दारात प्रुइटसाहेब. हातात घड्याळ. चेहरा काळजीचा. मला बाजूला घेऊन, अगदी समजुतीच्या सुरात, नवख्या पोराला सांगावं तसं म्हणतात, "मिस कुबेना, राग मानू नका, मी फुटबॉलचा माणूस आहे, पण मला हे कळतं. मुलं आत्ता बसमधून उतरलीत, ओठ थंड आहेत. अशा थंड ओठांनी एवढं अवघड गाणं थेट वाजवायला लावता? दुखापत होईल हो कुणाला. आधी दहा मिनिटं काहीतरी वॉर्म-अप घेत चला ना!"

सव्वीस वर्षं! …मी म्हटलं, "हो, सर. चुकलंच माझं."